सातवा कोण घ्यायचा? पेण-रोह्यातल्या एका जुन्या वादाचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला संगणक क्षेत्रातल्या अनुभवांवर लिहायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला, आणि त्यांनी तो दिला याबद्दल त्यांचे आभार. कारण असं की, आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीतले चार जण कुठंही भेटले, तरी माझ्या नोकरीबद्दल कुणी काही विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "तू पुण्यात राहतेस, तुझ्या पलटणनं यंदा कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं?"

माहेर पेणचं, आजोळ रोहा तालुक्यातलं आणि संसार पुण्यात, अशी माझी विभागणी आहे. त्यामुळे यू मुंबावाले मला फितूर समजतात आणि पुण्यातले शेजारी मला कोकणातली समजतात. प्रो कबड्डीच्या लिलावाआधी महिनाभर हा वाद पेणच्या नाक्यावर, दिवा-रोहा गाडीत, धाटावच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटताना, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे चालू असतो. डावा कोपरा रिकामा आहे, तिथं कोण? दोन चढाईपटू आहेत, तिसरा कशाला? इतके पैसे एकावर घातले तर राखीव कोण बसवणार? पेणला गाडीत चढलेला वाद कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरतो, तेव्हाही मिटलेला नसतो.

नवीन मुलांना वाटतं की हा वाद २०१४ साली टीव्हीवर लिलाव आला तेव्हा सुरू झाला. तसं नाही. संघात कोणाला घ्यायचं आणि त्याला काय द्यायचं, हा वाद आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. बदलत गेलं ते निर्णय घेणारं माणूस आणि मोबदल्याचं रूप. ह्या बदलाचा हा छोटासा इतिहास आहे.

वाद समजण्यापुरता खेळ

आपल्यातल्या ज्यांनी शाळेत फक्त लंगडी आणि खो-खो खेळला, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानात सात जण, बाहेर राखीव पाच. सातांत डावा आणि उजवा कोपरा, त्यांच्या आत दोन मध्यरक्षक, आणि उरलेल्या तीन जागांवर मुख्यतः चढाई करणारे. चढाईपटूनं एक गडी टिपला की एक गुण. समोर सहा किंवा जास्त गडी असताना बोनस रेषा ओलांडली की एक गुण. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण वेगळे.

या हिशेबामुळेच संघबांधणीचा वाद होतो. चढाईपटू एकटा जातो, एकटा गुण आणतो, म्हणून तो सगळ्यांना दिसतो. पकड मात्र साखळीनं होते. कोपऱ्यानं घोटा धरला आणि मध्यरक्षक आला नाही, तर गडी सुटतो आणि कोपराच बाद होतो. म्हणजे चढाईपटू एकटा विकत घेता येतो, बचाव जोडीनंच बांधावा लागतो. आपल्या गावातल्या जुन्या खेळाडूंना हे पक्कं माहीत होतं. आजोळी संघ ठरवताना पहिलं नाव कोपऱ्याचं घेत, चढाईवाल्याचं नंतर.

जुन्या हुतूतूमध्ये तर निवड आणखी अवघड होती. त्याचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार खेळले जात. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला परत येतो. आजची कबड्डी याच प्रकारावर उभी आहे. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच. तिथं एक कच्चा खेळाडू घेतला तर त्याची किंमत सगळ्यांनी मोजायची.

या खेळाला नियमांत बसवायचं काम महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास सुरू झालं आणि १९२३ मध्ये बडोद्याला छापील नियमांनुसार स्पर्धा झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत हुतूतूही होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५२ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. या सगळ्या बांधणीत ज्यांनी आयुष्य घातलं, त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

सुट्टी मिळेल तो आपला

आपल्याकडे गावचा संघ कसा ठरत असे, हे मी आजोळी लहानपणी पाहिलं आहे. भात कापून झालं की गावाजवळचं एखादं शेत निवडायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, माती चोपायची आणि फक्कीनं रेषा आखायच्या. खारेपाटातल्या गावांत हेच, रोह्याकडेही हेच. स्पर्धा रात्री, जत्रेच्या किंवा हनुमान जयंतीच्या आसपास, नाहीतर शिमग्यात.

त्या काळातला लिलाव म्हणजे मुंबईला पाठवलेलं पत्र. गावातले निम्मे तरुण मुंबईत, परळ-लालबाग-प्रभादेवीच्या बाजूला गिरण्यांत नाहीतर गोदीत. कोकणातल्या या चाकरमान्यांनीच गिरणगावातल्या मंडळांची कबड्डी वाढवली आणि तेच सणाला गावी आले की गावासाठी खेळत. म्हणून गावात महिनाभर आधी चर्चा सुरू होई. अमक्याची पाळी कोणती आहे? तमक्याला मुकादम सोडेल का? डावा कोपरा मुंबईहून आला नाही तर तिथं कोण उभा राहणार? मोबदला म्हणजे एसटीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि जिंकलं तर गुलाल. ज्याला सुट्टी मिळाली तो संघात. आजच्या भाषेत बोलायचं तर, खेळाडू कोणाचा यापेक्षा तो उपलब्ध आहे का, हा प्रश्न मोठा होता.

निर्णय घेणारी माणसंही ठरलेली. गावकीतले दोन-तीन जुने खेळाडू आणि ज्याच्या शेतात मैदान, तो. स्पर्धा भरवणाऱ्यांनी 'एक गाव एक संघ' अशी अट घातलेली असे, तरी बाहेरचा खेळाडू घेतल्याच्या तक्रारी होतच. कुणाचा भाचा, कुणाचा जावई गावचा धरायचा की नाही, यावर सामना तासभर थांबलेला मी पाहिला आहे. जावयाला गावचा मानावं की पाहुणा, हा प्रश्न त्या रात्री सुटला नाही. शेवटी त्याला खेळू दिलं आणि तो पहिल्याच चढाईत बाद झाला, तेव्हा दोन्ही गावांचं समाधान झालं.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो लांबतच गेला. हजारो कोकणी घरांचं उत्पन्न तुटलं. काही जण गावी परतले, काही नागोठणे, धाटाव, थळ, वडखळ इकडच्या कारखान्यांत लागले. आमच्या आजोळच्या संघावर याचा परिणाम मी स्वतः अनुभवला नाही, तेव्हा मी पाळण्यात होते. पण मामा सांगत, की त्यानंतर काही वर्षं संघ भरायला पत्र पाठवावं लागत नव्हतं, सगळे खेळाडू घरीच होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात आनंद नसे.

कबड्डीनं दिलेली नोकरी

याच्याच बरोबरीनं दुसरी एक बाजारपेठ चालू होती, आणि आपल्या आईवडिलांच्या दृष्टीनं तीच खरी होती. ती म्हणजे नोकरी. मुंबईत व्यावसायिक संघांच्या स्पर्धा होत. महिंद्र अँड महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, रेल्वे, देना बँक, मुंबई पोर्ट ट्रस्ट, पोलीस असे संघ. या संघांना चांगला खेळाडू हवा असे आणि चांगल्या खेळाडूला कायमची नोकरी हवी असे. पेण-रोह्याच्या मुलाला त्याच्या चढाईबद्दल दिलेली सर्वांत मोठी बोली म्हणजे दरमहा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि राहायला खोली.

हा व्यवहार लिलावापेक्षा फार वेगळा होता. लिलावात एका हंगामाचे, फार तर दोन-तीन हंगामांचे पैसे मिळतात. नोकरी मात्र खेळ संपल्यावरही राहत असे. गुडघा गेला तरी टेबलावर बसून निवृत्तीपर्यंत काम करता येई. म्हणून घरात मुलाच्या कबड्डीला विरोध करणारे वडीलसुद्धा 'चाचणीला बोलावलंय' म्हटल्यावर गप्प होत. पुढे २००५ मध्ये महाराष्ट्र शासनानं सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण ठेवलं, तेव्हा जिल्ह्याच्या संघात निवड होणं आणखी मोलाचं झालं. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेतून निवड चाचणी, तिथून राज्य स्पर्धा, मग प्रमाणपत्र, मग अर्ज. निवड समितीनं सातवा कोण घेतला, यावर एखाद्या घराचं पुढचं सगळं ठरत असे. तेव्हा ती भांडणं हौसेची नव्हती, हे विसरू नये.

आपल्या वर्गातल्या एका पकडपटूला शाळेत सगळे घोरपड म्हणत, कारण त्यानं धरलेला घोटा सुटत नसे. त्याला अशी नोकरी मिळाली नाही. तो धाटावला एका रासायनिक कारखान्यात लागला, आजही तिथंच आहे, आणि लिलावाच्या वेळी कोपऱ्यांबद्दल सर्वांत अचूक तोच बोलतो. ह्या लेखातलं बचावाबद्दलचं बरंचसं शहाणपण त्याचं आहे.

बारा लाख ऐंशी हजार

२०१४ च्या उन्हाळ्यात प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला. त्यातला सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार. पाटणा पायरेट्सनं त्याला १२.८० लाखांना घेतलं. आज ही रक्कम किरकोळ वाटते. तेव्हा ती ऐकून पेणला लोकांचा विश्वास बसला नव्हता. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला मुंबईत अंतिम सामना झाला आणि अनुप कुमारच्या यू मुंबाला जयपूर पिंक पँथर्सनं ३५-२४ असं हरवलं. पुढच्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ ला, यू मुंबानं बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून चषक आणला. २०१६ च्या मार्चमध्ये तिसऱ्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी, पाटण्याकडून ३१-२८ अशी हार. ओळीनं तीन अंतिम सामने. आपल्याकडची एक अख्खी पिढी त्या दीड-दोन वर्षांत यू मुंबाची झाली.

त्यानंतर रकमा वाढत गेल्या. २०१८ च्या लिलावात सहा खेळाडूंनी एक कोटीचा टप्पा गाठला. मोनू गोयत १.५१ कोटींना हरयाणा स्टीलर्सकडे गेला. २०२१ मध्ये परदीप नरवाल १.६५ कोटी. २०२२ मध्ये पवन सेहरावत २.२६ कोटी. २०२३ मध्ये पुन्हा पवन, २.६०५ कोटी. नऊ वर्षांत सर्वोच्च बोली वीसपटीहून जास्त झाली.

दहाव्या हंगामाच्या वेळी संघाला एकूण ५ कोटी खर्चता येत होते, आणि त्यात १८ ते २५ खेळाडू बसवायचे होते. खेळाडूंच्या चार श्रेणी, मूळ किंमती ३०, २०, १३ आणि ९ लाख. काही खेळाडू आधीच राखून ठेवता येतात, आणि सोडलेल्या खेळाडूवर शेवटची बोली लागली की तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचीही सोय आहे. हे सगळं मी एका तक्त्यात मांडून ठेवते. कार्यालयात मी दिवसभर हेच करते: साधनं मर्यादित, गरजा जास्त, कुठं कपात केली तर काम थांबणार नाही ते बघायचं. कबड्डीचा तक्ता जास्त अवघड आहे, कारण त्यातल्या गरजांना गुडघे असतात.

सर्वांत महाग म्हणजे सर्वांत उपयोगी?

त्या तक्त्यातून एक गोष्ट दिसते आणि ती मी मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगणार आहे, म्हणून इथं लिहून ठेवते. २०१४ चा राकेश कुमार, २०१८ चा मोनू गोयत, २०१९ चा सिद्धार्थ देसाई, २०२१ चा परदीप, २०२२ आणि २०२३ चा पवन, २०२४ चा सचिन तंवर. हे त्या त्या लिलावातले सर्वांत महागडे खेळाडू. यांपैकी एकाही लिलावानंतर त्या खेळाडूच्या संघाला त्या हंगामाचा चषक मिळाला नाही.

सिद्धार्थचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा मुलगा २०१८ मध्ये यू मुंबानं ३६.४ लाखांना घेतला. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईत दोनशेवर गुण मिळवले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. यू मुंबानं त्याला जाऊ दिलं म्हणून पेणला शिव्याशाप झाले. टायटन्सकडूनही सिद्धार्थनं पुन्हा दोनशेवर गुण केले, तरी टायटन्स बारा संघांत अकरावे आले. यू मुंबा मात्र त्याच्याशिवाय उपांत्य फेरीत पोचला. दोष सिद्धार्थचा नव्हता. तो गुण आणत होता आणि बचाव ते परत देत होता.

त्याहून बोलकं उदाहरण २०२२ चं. तमिळ थलायवाजनं २.२६ कोटी देऊन घेतलेला पवन पहिल्याच सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला. सगळ्यांनी संघ संपला असं म्हटलं. तोच संघ त्या हंगामात पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. आणि २०२३ मध्ये पवन ज्यांच्याकडे गेला, ते टायटन्स तळाला राहिले.

उलट बाजूला फझल अत्राचली या इराणी डाव्या कोपऱ्याची कारकीर्द बघा. २०१५ मध्ये यू मुंबा विजेता, तेव्हा तो संघात. २०१६ च्या चौथ्या हंगामात पाटणा विजेता, तेव्हा तो पाटण्यात. २०२५ मध्ये दबंग दिल्ली विजेता, तेव्हा तो दिल्लीत. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला एक कोटीला घेतलं, तेव्हा 'एवढे पैसे कोपऱ्यावर?' असं विचारणारे पुष्कळ होते. आपल्या धाटावच्या मित्रानं तेव्हा एकच उत्तर दिलं होतं: "मग काय चढाई करून घोटे धरणार?"

पलटणचा धडा

पुण्यात राहून मी एक प्रकरण जवळून पाहिलं, ते सांगते. पुणेरी पलटणनं मोठ्या नावांमागे धावायचं थांबवून तरुण मुलं घडवायचं ठरवलं. अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी मुलं एकत्र वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये हा संघ अंतिम फेरीत जयपूरकडून ३३-२९ असा हरला. त्या वेळी संघात फझल होता.

पुढच्या लिलावात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पलटणनं २.३५ कोटी देऊन मोहम्मदरेझा शादलूला घेतलं. हाही इराणी, डावा कोपरा आणि गरज पडली तर चढाईही. पाच कोटींतले ४७ टक्के एका माणसावर. माझा स्वतःचा तक्ता याला होकार देत नव्हता. पण बाकीचा संघ आधीच तयार होता, रिकामी होती ती एकच जागा, आणि ती अगदी नेमक्या माणसानं भरली गेली. शादलूनं त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणनं हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिला चषक घेतला. अस्लम कप्तान होता.

मग पुढच्या लिलावाआधी पलटणनं शादलूला सोडलं. हरयाणानं त्याला २.०७ कोटींना उचललं, आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यातच बालेवाडीला हरयाणा विजेता झाला. पलटण पहिल्या सहांतही नव्हती. त्या थंडीत मी पुण्याहून पेणला यायचं टाळत होते. एसटीतून उतरल्या उतरल्या विचारायचे, "काय, सोडला ना?"

पण इतिहास एका हंगामात संपत नाही. शादलूशिवाय, आपल्याच घडवलेल्या मुलांवर विश्वास ठेवून, २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम फेरीत आली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत ३१-२८ अशी हरली. समोर दिल्लीच्या संघात फझल होता. तेव्हा शादलूला सोडायला नको होतं की सोडलं ते बरोबर, हा वाद अजून चालू आहे आणि मेळाव्यातही होईल. माझं मत असं, की मोठा खेळाडू शेवटची जागा भरायला घ्यावा, पहिली नव्हे. आजोळचे मामा पत्र पाठवताना नेमकं हेच करत. गावात सहा जण पक्के झाल्याशिवाय मुंबईला पत्र जात नसे.

ज्यांच्यावर बोली लागत नाही

आता जे लिहिते आहे ते मैत्रिणींसाठी, आणि मुलांनीही वाचावं.

आपल्या वर्गात कबड्डी खेळणाऱ्या मुली होत्या. आंतरशालेय सामन्यांत दोन वर्षं आपला मुलींचा संघ तालुक्यात खेळला. मी राखीव होते, मैदानात फार कमी वेळा उतरले. पण उजव्या कोपऱ्यावर जी उभी राहायची, ती आपल्या मुलांच्या संघातल्या कुणाहीपेक्षा कमी नव्हती, असं आपले क्रीडाशिक्षक सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. दहावीनंतर ती खेळली नाही. तिच्या घरी कुणी वाईट नव्हतं. 'पुढे काय मिळणार?' या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं, एवढंच. मुलांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर आधी नोकरी होतं आणि आता लिलाव आहे.

खरं तर महाराष्ट्रातल्या मुलींनी या खेळात मागं राहण्यासारखं काहीच केलेलं नाही. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून होतात. शकुंतला खटावकरांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला, तेव्हा अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या आपल्या तीन मुली संघात होत्या आणि राज्य शासनानं त्यांना प्रत्येकी एक कोटीचं बक्षीस दिलं. २०१० पासून आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी आहे. चारांपैकी तीन सुवर्णपदकं भारताची. २०१८ मध्ये जाकार्तात भारताला २७-२४ असं हरवून इराणच्या महिलांनी सुवर्ण नेलं, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे इराणच्या संघाला आपल्या बाईंचा उपयोग कळला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ढाक्याला भारतीय महिलांनी पुन्हा विश्वचषक जिंकला.

आणि लिलाव? २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर महिलांची एक छोटी स्पर्धा घेतली होती. फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स असे तीनच संघ. आइस दिवाजची कप्तान अभिलाषा म्हात्रे. ३१ जुलैला हैदराबादला अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सनं २४-२३ असा एका गुणानं जिंकला. एवढा अटीतटीचा अंतिम सामना पुरुषांचाही क्वचितच होतो. तरी तो प्रयोग पुढं चालू राहिला नाही. त्यानंतर पुरुषांच्या बोल्या दीड कोटीवरून अडीच कोटींच्या वर गेल्या. आम्ही दरवर्षी डाव्या कोपऱ्यावर भांडतो, पण मुलींचा डावा कोपरा कोण, या वादाला अजून जागाच नाही. वाद होत नाही म्हणजे तिथं कुणी खेळाडू नाहीत असं नव्हे. वाद होण्यासाठी आधी संघ लागतो, संघासाठी पैसे लागतात, आणि पैसे घालणाऱ्याला आधी प्रेक्षक दिसावे लागतात. त्या साखळीतलं पहिलं टोक आपल्या हातात आहे, ते म्हणजे प्रेक्षक.

शेवटी

गावकीनं सुट्टी बघून संघ निवडला. कंपन्यांनी नोकरी देऊन निवडला. आता मालक हातात फलक धरून निवडतात. प्रत्येक वेळी आपण बाहेर बसून म्हणालो, की यांना कळत नाही, कोपरा रिकामा आहे. आणि बऱ्याचदा आपलंच बरोबर होतं.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी जेवणानंतर हा वाद होणारच आहे. यू मुंबावाल्यांनी तयारीनं यावं. माझा तक्ता बरोबर असेल. सरांना आणि बाईंना विनंती, की पंच म्हणून आपणच बसावं, कारण आमच्यापैकी कुणावर कुणाचा विश्वास नाही.

आणखी एक. हल्ली आपल्या शाळेच्या मुलींचा संघ पुन्हा खेळतो, असं कळलं. या वर्षी त्यांचा तालुक्याचा सामना असेल त्या दिवशी मी रजा टाकून येणार आहे. धाटावच्या मित्रानं पाळी बदलून घ्यायचं कबूल केलं आहे, आणि उजव्या कोपऱ्यावर खेळायची ती मैत्रीणही येते म्हणाली आहे. आणखी कोण येतंय ते कळवा. त्या मुलींच्या संघात सातवी कोण घ्यायची, यावर आम्हांला मैदानाच्या कडेला उभं राहून भांडायचं आहे.